वाचकांचे प्रश्न : वर्गातला पडदा, फळा आणि वीज

शाळा सुरू होऊन दोन महिने झाले. या काळात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी वर्गातल्या टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब आणि ॲपबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्र लिहिणाऱ्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमची चौथीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा आहे, पट 22. गावाने लोकवर्गणीतून 50 हजार रुपये जमवले. शाळा व्यवस्थापन समितीत दोन तट पडलेत. काहींना प्रोजेक्टर हवा, काहींना मोठा टीव्ही. खोली 20 बाय 20 फूट, दोन्ही बाजूंना खिडक्या. काय घ्यावे? (मुख्याध्यापिका, जावळी तालुका)

उत्तर : बाई, टीव्ही घ्या. कारण तुमच्या खिडक्या.

प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. जिथे काळे दाखवायचे तिथे तो प्रकाश टाकत नाही, एवढेच. म्हणजे पडद्यावरचा काळा हा त्या वेळचा तुमच्या भिंतीचाच रंग. सकाळी अकराला दोन्हीकडून उजेड येणाऱ्या खोलीत तो पांढुरका दिसतो आणि अक्षरे त्यात विरघळतात. मग खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे. अंधारात मुले पेंगतात, वहीत काही उतरवता येत नाही आणि बाईंना कोण काय करतेय ते दिसत नाही. शाळेसाठी विकले जाणारे 3000 ते 3500 ल्युमेनचे (ल्युमेन हे प्रकाशाचे माप) प्रोजेक्टर एका बाजूने उजेड येणाऱ्या खोलीत भागवून नेतात. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांपुढे त्यांचे काही चालत नाही.

आता टीव्ही केवढा? दुकानदार 43 इंचीला 'मोठा' म्हणेल. त्याचे ऐकू नका, गणित करा. पडद्यावरचा मजकूर वाचायचा असेल तर शेवटचे मूल चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नसावे. इंच हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे असते, उंची त्याच्या जेमतेम निम्मी भरते. 43 इंची टीव्हीची उंची सुमारे 21 इंच, म्हणजे वाचता येण्याचे अंतर साडेदहा फूट. 55 इंचीला साडेतेरा फूट, 65 इंचीला सोळा फूट. तुमच्या रकमेत 55 इंचीपर्यंत जाता येते. मुले 22 आहेत आणि बस्करपट्ट्यांवर बसतात, त्यामुळे सोय सोपी आहे. टीव्हीच्या वेळी पट्ट्या कमानीसारख्या मांडा आणि शेवटची पट्टी तेरा फुटांच्या आत ठेवा. बाकडी असती तर हे जमले नसते.

देवनागरीसाठी हे अंतर आणखी थोडे कमी धरलेले बरे. इंग्रजी अक्षर एका पट्टीत मावते. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार येतात, आणि लांबून आधी हरवतात ते हेच. 'कुल' आणि 'कूल', 'मंद' आणि 'मद' यांतला फरक शेवटच्या पट्टीवरून दिसतो का, ते टीव्ही घेण्याआधी दुकानातच तपासा. पेन ड्राइव्हवर चौथीच्या पुस्तकाचे एक पान घेऊन जा आणि अंतर पावलांनी मोजा.

टीव्ही कुठे लावायचा हेही तितकेच महत्त्वाचे. फळ्याच्या जागी लावू नका, फळ्याच्या शेजारी लावा. पडद्यावर दाखवलेले लगेच फळ्यावर लिहिता आले पाहिजे. मुले खाली बसत असल्याने टीव्हीची खालची कड जमिनीपासून तीन ते साडेतीन फुटांवर ठेवा. त्याहून वर गेला की माना दुखतात, खाली आला की पुढच्यांची डोकी आड येतात. जागा पक्की करण्याआधी टीव्ही टेबलावर ठेवून बंद करा आणि मुलांच्या प्रत्येक जागी स्वतः बसून काळ्या काचेत बघा. ज्या जागेवरून काचेत खिडकी दिसते, तिथल्या मुलाला चालू टीव्हीतही खिडकीच दिसणार. टीव्ही हातभर सरकवला किंवा थोडा तिरका केला की बहुधा काम होते. खिळे ठोकायचे ते यानंतर.

जुन्या दगडमातीच्या भिंतीवर थेट बोल्ट मारू नका. कुलूप लागणारी चाकांची लोखंडी पेटी गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या. पाठीमागे आणि वरच्या बाजूला हवेसाठी जाळी ठेवायला सांगा. सुट्टीत पेटी ऑफिसच्या खोलीत नेता येते.

प्रश्न : शाळेचा प्रोजेक्टर वीस-पंचवीस मिनिटे चालतो आणि आपोआप बंद पडतो. चित्रही आता पिवळट दिसते. दुरुस्तीवाल्याने नवीन घ्या म्हणून सांगितले. (शिक्षक, माध्यमिक शाळा, बार्शी)

उत्तर : नवीन घेण्याआधी जाळी बघा. आपोआप बंद पडणे हे बहुतेक वेळा तापण्याचे लक्षण असते आणि तापण्याचे कारण बहुतेक वेळा खडूची भुकटी. हवा आत घेणाऱ्या बाजूला स्पंजासारखा किंवा कागदी घड्यांचा फिल्टर असतो. वर्गात तो महिन्याभरात राखाडी गादी होऊन बसतो. हवा आत शिरत नाही, आतला तापमापक मर्यादा ओलांडतो आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. म्हणजे ते त्याचे काम चोख करते आहे.

सफाई अशी करा. प्रोजेक्टर बंद करा, पंखा पूर्ण थांबू द्या, मग प्लग काढा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. फिल्टरचे झाकण उघडून फिल्टर बाहेर घ्या आणि खोलीबाहेर नेऊन मऊ ब्रशने झटका. घरचा व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तम. पाण्याने धुऊ नका. काहीच फिल्टर धुता येतात आणि तसे त्यांच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. तोंडाने फुंकू नका, कारण फुंकरीबरोबर ओल जाते आणि भुकटी आत ढकलली जाते. काही प्रोजेक्टरना फिल्टरच नसतो. त्यांच्या जाळ्या बाहेरून साफ करायच्या, आतली सफाई वर्षातून एकदा कारागिराकडून. भिंत, कपाट, पडदा यांपासून हवेच्या जाळ्या किमान एक फूट मोकळ्या ठेवा. खडू 'डस्टलेस' वापरा. तो कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, त्याचे कण जड असल्याने खाली पडतात. साधा जिप्समचा खडू हवेत तरंगतो. फळा ओल्या फडक्याने पुसलात तर निम्मा प्रश्न सुटतो.

पिवळेपणाची कारणे दोन. मेनूमध्ये 'लॅम्प अवर्स' हा आकडा बघा. साध्या दिव्याचे आयुष्य साधारण 4000 ते 6000 तास असते. आकडा त्याच्या जवळ असेल तर दिवा बदलायचा, यंत्र नाही. आकडा कमी असूनही पिवळी छटा किंवा पिवळे डाग दिसत असतील आणि प्रोजेक्टर एलसीडी जातीचा असेल, तर आतली निळ्या रंगाची पट्टी उष्णतेने जळत आली आहे. ती दुरुस्ती महाग पडते. डीएलपी जातीच्या यंत्रात पांढरे ठिपके वाढू लागले, तर ते आतल्या चिपवरचे अडकलेले सूक्ष्म आरसे असतात. ते सुटत नाहीत, चिपच बदलावी लागते. तुमचा दुरुस्तीवाला यांपैकी काय म्हणतो ते त्याच्याकडून लिहून घ्या, मगच निर्णय करा.

आणखी एक. तास संपला की भिंतीवरचे बटण खटकन बंद करण्याची सवय फार शाळांत आहे. दिवा तापलेला असताना पंखा थांबला की दिव्याचे आयुष्य झपाट्याने घटते. रिमोटने बंद करा आणि पंखा थांबेपर्यंत वीज चालू ठेवा. वीज वारंवार जात असेल तर संगणकासाठी मिळतो तसा 600 व्हीए क्षमतेचा छोटा यूपीएस (वीज गेल्यावर काही मिनिटे बॅटरीवर पुरवठा देणारी पेटी) जोडा. तो जास्तीत जास्त सुमारे 360 वॅटचा भार काही मिनिटे पेलतो. त्यावर पुढचा धडा शिकवता येणार नाही, पण प्रोजेक्टर रीतसर थंड होईल आणि त्याचे तेवढेच काम आहे. दिवा कधी आतल्या आत फुटलाच, तर त्यात पारा असतो. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा आणि अर्धा तास खोलीत जाऊ नका.

प्रश्न : पडद्यावर 'नो सिग्नल' येते. लॅपटॉप तर चालू असतो. (शिक्षिका, पनवेल)

उत्तर : विंडोजची कळ धरून 'पी' दाबा आणि 'डुप्लिकेट' निवडा. तरी आले नाही तर रिमोटवरून 'सोर्स' बदला. चित्र येते-जाते असे होत असेल तर केबल बघा. 10 मीटरच्या पुढे साध्या एचडीएमआय केबलचा भरवसा नसतो.

प्रश्न : पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड पैसे पाठवायच्या ॲपने स्कॅन होत नाहीत. शाळेत रेंजही नाही. मग या कोडचा उपयोग काय? (शिक्षक, अक्राणी तालुका)

उत्तर : कोडमध्ये व्हिडिओ नसतो, फक्त पत्ता असतो. त्या पत्त्यावर जायला नेट लागतेच. पैशांचे ॲप त्यात खात्याचा पत्ता शोधते, तो नसतो म्हणून नाकारते.

दीक्षा हे शालेय पाठांचे सरकारी ॲप उघडा, मंडळ महाराष्ट्र राज्य, माध्यम मराठी आणि आपली इयत्ता निवडा, मग ॲपमधल्याच क्यूआरच्या चिन्हाने स्कॅन करा. कोड पुसट असेल किंवा पान चकाकत असेल तर त्याच्याखाली सहा अक्षरी-अंकी खूण छापलेली असते. ती ॲपमध्ये टाइप केली तरी तोच पाठ उघडतो. फोन कोडच्या रुंदीच्या साधारण दहापट अंतरावर धरा. दोन सेंटिमीटरचा कोड असेल तर वीतभर. फार जवळ नेला की कॅमेऱ्याला नीट दिसत नाही.

रेंजचा मार्ग एकच. आठवड्याचे पाठ रेंज असलेल्या ठिकाणी डाउनलोड करून आणायचे. दीक्षामध्ये डाउनलोडचे बटण आहे आणि उतरवलेले पाठ ॲपमध्येच बिनानेट चालतात. डाउनलोड झाल्यावर विमान मोड लावून एकदा उघडून बघा. नुसती यादी उतरली आणि पाठ उतरलाच नाही, हे वर्गात मुलांसमोर कळायला नको. बालभारतीची पुस्तके पीडीएफ रूपात त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, तीही एकदाच उतरवून ठेवा.

आता याच कोडचा बिनानेटचा उपयोग. क्यूआर कोडमध्ये पत्त्याऐवजी थेट मजकूर भरता येतो आणि तो वाचायला नेट लागत नाही. एका कोडमध्ये जास्तीत जास्त 2953 बाइट मावतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट खाते आणि काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी चिन्हे म्हणून मोजली जातात. हिशेबाने हजाराच्या आत चिन्हे बसतात, पण एवढा दाट कोड साध्या फोनला वाचवत नाही. शंभर चिन्हांपर्यंत मजकूर ठेवा आणि कोड चार-पाच सेंटिमीटरचा छापा. कोड्याचे उत्तर, झाडाचे नाव आणि उपयोग, शब्दाचा अर्थ असे काहीही त्यात घालता येते. आवारातल्या झाडांना असे कोड लावले तर मुले स्वतः फिरून वाचतात. तुमच्या मुलांची घरची बोली पावरी असेल, तर झाडाचे नाव दोन्ही भाषांत लिहा. क्यूआर कोड 1994 मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांवर नजर ठेवण्यासाठी तयार झाला. तो पुस्तकात आणण्याचे श्रेय माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना जाते. त्यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तो या कामासाठीही.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. शाळा 'पूर्ण डिजिटल' आहे, रोज दीड-दोन तास व्हिडिओ दाखवतात. घरी विचारले तर त्याला एक वाक्य सांगता येत नाही. याने शिकणे सुधारते की बिघडते? (पालक, नाशिक)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि तिची तपासणीही झालेली आहे. गुजरातमध्ये ज्ञानशाला या संस्थेच्या वर्गांत संगणकावरचा गणिताचा कार्यक्रम दोन पद्धतींनी वापरून पाहिला गेला. अर्थशास्त्रज्ञ ली लिंडेन यांनी 2008 मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. जिथे संगणकाने शिक्षकाचा तास घेतला, तिथे मुले इतरांपेक्षा मागे पडली. जिथे तोच कार्यक्रम शाळा सुटल्यावर जादा सराव म्हणून दिला, तिथे ती पुढे गेली. यंत्र तेच, धडे तेच. पेरू देशात मुलांच्या हातात लॅपटॉप दिले गेले. 2012 मध्ये आलेल्या अभ्यासात गणितात आणि भाषेत काहीच फरक आढळला नाही. उलट दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळेनंतर चालवलेल्या माइंडस्पार्क केंद्रांत साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्ही चांगले सुधारले. तिथे संगणक प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीचे गणित देत होता, आठवीतल्या मुलाला गरज असेल तर चौथीचे. शिवाय निम्मा वेळ छोट्या गटात शिकवणारे माणूस होते.

म्हणून शाळेत जाऊन 'किती तास दाखवता' असे विचारू नका. 'व्हिडिओ थांबवून मुलांना काय विचारता' असे विचारा. सलग चाळीस मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे शिक्षकाची गैरहजेरीच.

पडद्याचा चांगला वापर कसा दिसतो ते एका तासावरून सांगतो. हे शिक्षकांनीही वाचावे. विषय विजेचे मंडल. 1.5 व्होल्टचे दोन सेल, टॉर्चचे 2.5 व्होल्टचे दोन बल्ब आणि वायर एवढे साहित्य पुरते. सेल एकापुढे एक जोडून एक बल्ब लावला. आता वर्गाला प्रश्न : याच वायरीत दुसरा बल्ब ओळीने जोडला तर पहिला तसाच राहील, मंद होईल की विझेल? हात वर करायला सांगा आणि तिन्ही आकडे फळ्यावर लिहा. मग जोडा. दोन्ही मंद होतात. का, असे विचारले की बरीच मुले म्हणतात की पहिला बल्ब वीज खातो आणि उरलेली दुसऱ्याला मिळते. हा गैरसमज बल्बकडे बघून जात नाही, कारण वायरीच्या आत काय चालते ते दिसत नाही. पडदा लावायचा तो इथे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या प्रकल्पाचे मंडल जोडायचे सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करायचा प्रयोग, उघडा. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प फुकट आहे आणि त्यातली बरीच सिम्युलेशने मराठीत आहेत. एक फाइल एकदा उतरवली की ती ब्राउझरमध्ये बिनानेट चालते. तेच मंडल त्यात जोडा. इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. बल्बच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन अमीटर (विद्युतधारा मोजणारी उपकरणे) लावले की दोन्हीकडे तोच आकडा येतो. पहिल्या बल्बने विद्युतधारा खाल्ली असती तर पुढचा आकडा कमी आला असता. इथे गप्प राहा, मुलांना बोलू द्या.

मग बल्ब समांतर जोडा. पडद्यावर दोन्ही बल्ब अगदी पहिल्याइतके तेजस्वी राहतात. टेबलावरचे मात्र किंचित मंद होतात आणि एखादी मुलगी ते हटकून दाखवते. चूक कुणाचीच नाही. पडद्यावरचा सेल आदर्श आहे, आपल्या सेलला स्वतःचा आतला रोध आहे, जोडही सैल असतात. सिम्युलेशनमध्ये बॅटरीचा रोध वाढवण्याची पट्टी आहे. ती सरकवली की पडदाही टेबलासारखा वागू लागतो. पडदा एकूण दहा-बारा मिनिटे चालू होता. असा तास झालेले मूल घरी येऊन सांगते.

प्रश्न : जुन्या संगणकावरच्या मराठी प्रश्नपत्रिका नव्या संगणकावर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. (लिपिक, हायस्कूल, उदगीर)

उत्तर : फाइल बिघडलेली नाही, फक्त तिचा फाँट या संगणकावर नाही. जुन्या फाँटांत मराठी अक्षर साठवलेले नसते, इंग्रजी अक्षराला मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. उदाहरणार्थ कृतिदेवमध्ये 'राम' लिहायचे तर इंग्रजी जे, के, ई या कळा दाबतात. फाइलमध्ये जे-के-ई हेच राहते. फाँट काढला की मुखवटा उतरतो. युनिकोड या सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या पद्धतीत 'क'ला 2325 हा स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे तो कुठेही 'क'च राहतो.

आधी कोणता फाँट आहे ते जुन्या संगणकावर बघून ठेवा, मग त्याच फाँटाचा युनिकोड परिवर्तक वापरा. कृतिदेवचा परिवर्तक श्रीलिपीला चालत नाही. बदलून आलेला मजकूर तसाच छापू नका. चुका ठरावीक जागी होतात : रफार मागेपुढे होतो, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, 'दुसऱ्या'चे 'दुसर्‍या' किंवा 'दुसर्या' होते, अपूर्णांक आणि गणिती चिन्हे गायब होतात. गणिताचे पेपर तर पुन्हा टाइप केलेले बरे.

नव्याने शिकणाऱ्याने इन्स्क्रिप्ट ही युनिकोड टायपिंगची कळरचनाच शिकावी. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी जोडा. मग विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने अशी रचना आहे. आठ-दहा दिवस रोज अर्धा तास बसले की हात बसतो. 'ऱ' शिफ्ट आणि जे या कळांवर आहे. त्यानंतर डी म्हणजे हलन्त, मग 'य' आणि काना, की 'ऱ्या' तयार.

प्रश्न : शाळेला मिळालेला टॅब रीसेट केला, तर तो बदलून गेलेल्या सरांचे खाते मागतो. त्यांचा पासवर्ड त्यांनाही आठवत नाही. (शिक्षिका, गडहिंग्लज)

उत्तर : हे चोरीपासून वाचवणारे कुलूप आहे. खाते न काढता बाहेरची बटणे दाबून रीसेट केले की ते लागते. सरांना फोन करा. त्यांच्या स्वतःच्या फोनवर तेच खाते चालू असेल तर ते पासवर्ड नवा करू शकतात. बदलल्यानंतर एक-दोन दिवस थांबून टॅबवर टाका, कारण लगेच टाकला तर टॅब बहुधा स्वीकारत नाही. एवढे करूनही जमले नाही तर खरेदीची पावती आणि डेडस्टॉक रजिस्टरची प्रत घेऊन अधिकृत सेवा केंद्रात जा. कुलूप तोडायचे उपाय दाखवणारे व्हिडिओ पाहून काही करू नका. त्यातून टॅबमध्ये नको ती ॲपे शिरतात आणि तो टॅब उद्या मुलांच्या हातात असतो.

पुढच्यासाठी शाळेच्या नावाचे एक खाते काढा, त्याला शाळेचा क्रमांक जोडा आणि पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. शिक्षक कार्यमुक्त होताना चार्जच्या यादीत 'टॅबमधून वैयक्तिक खाते काढले' अशी एक ओळ घाला. सेटिंगमध्ये खाते काढायचे, मग रीसेट, याच क्रमाने.

प्रश्न : दुपारी दीड-दोन तास वीज जाते. इन्व्हर्टर केवढा घ्यावा? बिलही परवडत नाही. (सरपंच, सिल्लोड तालुका)

उत्तर : भार मोजा. 55 इंची टीव्ही साधारण 130 वॅट, लॅपटॉप 50, दोन पंखे 150, एकूण 330 वॅट. 12 व्होल्ट 150 एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या बॅटरीत कागदावर 1800 वॅट-तास असतात. ती निम्म्याहून जास्त उतरवू नये, म्हणजे 900 राहिले. इन्व्हर्टरमधले नुकसान वजा जाता सुमारे 750. त्याला 330 ने भागा, सव्वादोन तास मिळतात. एवढे तुम्हाला पुरे. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच घ्या. स्वस्तातल्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर पंखे गुणगुणतात आणि टीव्हीच्या वीजपुरवठ्याचा भाग लवकर जातो. बॅटरीतले पाणी दर दोन महिन्यांनी बघा, घालायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. मे महिन्याच्या सुट्टीआधी बॅटरी पूर्ण चार्ज करून तारा काढा. उतरलेली बॅटरी दीड महिना तशीच पडली तर जूनमध्ये ती उठत नाही.

बिलावर वर्गवारी तपासा. महावितरणच्या दरपत्रकात सरकारी शाळा 'सार्वजनिक सेवा – शासकीय' या गटात येतात. बिलावर व्यापारी वर्ग छापलेला असेल तर शाळेच्या लेटरहेडवर उपविभागीय कार्यालयात वर्ग बदलण्याचा अर्ज द्या. आणि अर्थिंग बघून घ्या. जुन्या इमारतींत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या पिनेमागे तारच नसते. मुले हात लावणार अशा यंत्रासाठी ही तपासणी आधी करा.

प्रश्न : सरावाचे प्रश्न एआय चॅटकडून करून घेतले तर चालेल का? वेळ फार वाचतो. (शिक्षिका, सहावी, लातूर)

उत्तर : चालेल, पण प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवून पाहिल्याशिवाय मुलांना देऊ नका. चुका दोन जातींच्या येतात. एक उत्तराची : शाब्दिक उदाहरणात माणसे अडीच येतात, कोनांची बेरीज 180 भरत नाही. दुसरी भाषेची : मराठी म्हणून हिंदी परिभाषा शिरते. 'अपूर्णांक'ऐवजी 'भिन्न', 'छेद'ऐवजी 'हर', 'दशांश'ऐवजी 'दशमलव' येते आणि मुलांना वाटते की हे काही वेगळेच प्रकरण आहे. सूचनेतच पाठ्यपुस्तकातली एक-दोन सोडवलेली उदाहरणे आणि त्या धड्यातले पारिभाषिक शब्द द्या, मग चुका बऱ्याच घटतात. मुलांची नावे, गुण किंवा उत्तरपत्रिकांचे फोटो त्यात टाकू नका.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत 20 टॅब कसे ठेवावेत? (शिक्षक, वाई)

उत्तर : निम्मे चार्ज करून, बंद करून, कोरड्या कपाटात ठेवा. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण उतरलेली लिथियम बॅटरी तशीच पडून राहिली की खराब होते. चार्ज करताना एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा बोर्ड खोचू नका आणि टॅब एकावर एक रचू नका. बोटभर जागा सोडून उभे ठेवा. ज्याची पाठ फुगलेली दिसेल किंवा काच कडेने उचललेली असेल तो टॅब त्याच दिवशी बाजूला काढा. तो चार्ज करू नका, दाबून बसवू नका, मुलांच्या हाती देऊ नका. पत्र्याच्या डब्यात वाळू घालून त्यात ठेवा आणि सेवा केंद्राकडे पोहोचवा.